राजाच्या मरणाचं गणित

1441 सालच्या जुलै महिन्यातली 23 तारीख, रविवार. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात प्रवचनाला एरवीही गर्दी व्हायची, पण त्या दिवशी लोक लोटले होते ते एका माणसाला पाहायला. आवारात उंच मचाण बांधलं होतं आणि त्यावर रंगवलेली एक खुर्ची मांडली होती. खुर्चीच्या चारही कोपऱ्यांवर एकेक तलवार, प्रत्येक तलवारीला टांगलेली तांब्याची प्रतिमा. खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात राजदंड आणि अंगात चमत्कारिक पोशाख. विधींचं त्याचं सगळं सामान असं मांडून त्याला लोकांसमोर बसवलं होतं, ते त्याने आपल्या विद्येचा सर्वांदेखत त्याग करावा म्हणून. त्याने तो केला.

माणसाचं नाव रॉजर बोलिंगब्रोक. ऑक्सफर्डचा विद्वान, धर्मदीक्षा घेतलेला, ग्रहगणितात नावाजलेला. आरोप होता नेक्रोमन्सीचा, म्हणजे मृतांना आणि पिशाच्चांना बोलावून त्यांच्याकडून गुप्त गोष्टी वदवून घेण्याचा. आणि जी गोष्ट त्याने जाणून घेतली असं म्हटलं जात होतं, ती होती इंग्लंडच्या एकोणीस वर्षांच्या राजाच्या मृत्यूची वेळ.

मेलेल्यांना बोलावणारा मांत्रिक म्हटलं की रानातली झोपडी, पुढ्यातली कवटी आणि केस मोकळे सोडलेली म्हातारी डोळ्यांसमोर येते. मध्ययुगीन युरोपच्या कागदपत्रांत मात्र तो वेगळाच दिसतो. तिथला मांत्रिक बहुतेक वेळा चर्चच्याच पोटातून आलेला असे, आणि त्याला कारण होतं. सगळे विधी लॅटिनमध्ये होते आणि लॅटिन येत होतं ते धर्मसेवकांना. शिवाय पाद्री होण्याच्या वाटेवर चार खालच्या पायऱ्या होत्या: द्वारपाल, वाचक, भूत उतरवणारा आणि वेदीपाशी मेणबत्त्या धरणारा सेवक. यातल्या तिसऱ्या पायरीची दीक्षा देताना बिशप त्या तरुणाच्या हातात पिशाच्च हाकलण्याच्या मंत्रांचं पुस्तक देत असे. देवाच्या नावाने, देवदूतांच्या नावाने पिशाच्चाला हुकूम सोडायचा, हे चर्चनेच शिकवलेलं काम. त्याच हुकमात ‘जा’च्या जागी ‘ये’ म्हटलं की मांत्रिक तयार झाला.

अशी दीक्षा घेतलेले पण हाताशी ना देऊळ ना निश्चित उत्पन्न असलेले तरुण विद्यापीठांच्या गावांत बरेच असत. रिचर्ड कीकहेफर या अमेरिकी इतिहासकाराने या मंडळींना धर्मसेवकांचं भूमिगत जग म्हटलं आहे. म्युनिकच्या ग्रंथालयातलं पंधराव्या शतकातलं एक लॅटिन हस्तलिखित त्याने 1997 मध्ये संपादित करून छापलं. ती एका मांत्रिकाची वापरातली वहीच आहे. त्यात हवेत किल्ला उभा करण्याची कृती आहे, हवा तिथे नेणारा घोडा हजर करण्याची आहे, चोर शोधण्याची आहे, एखाद्या स्त्रीचं मन वळवण्याची आहे, मेलेला माणूस जिवंत भासावा यासाठीचीही आहे. वाचताना जाणवत राहतं ते लिहिणाऱ्याचं धार्मिकपण. उपास कर, ब्रह्मचर्य पाळ, स्तोत्रं म्हण, अशा सूचना पानोपानी येतात. हा माणूस देवाला सोडून सैतानाकडे गेलेला नाही. देवाच्या नावाचा धाक घालून तो सैतानाच्या चाकरांना राबवू पाहतो आहे.

आणि मृतांचं काय? त्याचं उत्तर चर्चने शौल राजाच्या कथेतून काढलं होतं. बायबलच्या जुन्या करारात ही गोष्ट येते. शौलाने देशातल्या सगळ्या मांत्रिकांना हाकलून दिलेलं असतं, पण पलिष्ट्यांशी लढाईची वेळ येते तेव्हा देव त्याच्याशी बोलेनासा होतो. मग तो वेश पालटून, रात्रीच्या वेळी, एन-दोर गावच्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आणायला सांगतो. शमुवेल येतो आणि उद्या तू व तुझी मुलं माझ्यापाशी असाल असं बजावतो. राजा जमिनीवर कोसळतो, तेव्हा तीच बाई आपलं पोसलेलं वासरू कापून त्याला जेवू घालते. पुढे धर्मशास्त्र्यांना प्रश्न पडला: एका बाईच्या मंत्राने पवित्र संदेष्टा कबरीतून कसा उठेल? संत ऑगस्टीनपासून याचा काथ्याकूट चालला आणि हळूहळू मत स्थिरावलं ते असं, की मेलेल्याचा आत्मा माणसाच्या हाकेला येत नाही. येतं ते त्याचं रूप घेतलेलं पिशाच्च. या एका निर्णयाने मृतांना बोलावणं आणि सैतानाला बोलावणं एकच झालं. आजीचा आवाज ऐकू पाहणारा आणि राजाचा जीव घेऊ पाहणारा, दोघेही एकाच गुन्ह्याखाली आले.

प्रत्यक्षात हे विधी कसे चालत, याची सर्वांत जिवंत हकिकत एका सोनाराने लिहून ठेवली आहे. बेन्वेनुतो चेल्लिनी हा फ्लॉरेन्सचा विख्यात मूर्तिकार आणि सुवर्णकार. 1530 च्या दशकात रोममध्ये असताना आंजेलिका नावाची एक सिसिलियन मुलगी त्याच्यापासून दुरावली होती. ओळखीतला सिसिलीचा एक पाद्री लॅटिन-ग्रीकमध्ये पारंगत होता आणि ही विद्या जाणत होता. तो चेल्लिनीला आणि त्याच्या सोबत्यांना रात्री कोलोसियमच्या पडक्या रंगभूमीत घेऊन गेला. जमिनीवर वर्तुळं आखली, सुवासिक द्रव्यं जाळली आणि दीड तासाहून अधिक वेळ मंत्र म्हटले. पिशाच्चांनी कोलोसियम भरून गेलं, पण मुलीबद्दल उत्तर मिळालं नाही. पाद्री म्हणाला, पुन्हा यायला हवं, आणि या वेळी कोवळा, निष्पाप मुलगा सोबत हवा. चेल्लिनीने आपल्या कामावरचा बारा वर्षांचा पोरगा नेला.

दुसऱ्या रात्री मुलाला जे दिसलं त्याने सगळ्यांची गाळण उडाली. लाखो माणसं अंगावर येत आहेत, चार राक्षस वर्तुळात शिरू पाहत आहेत, असं तो गुडघ्यांत डोकं घालून ओरडत होता. पाद्री स्वतः थरथरत होता. पिशाच्चांना परत पाठवायला त्याने धुनीत उग्र वासाचं द्रव्य टाकायला सांगितलं. ते द्रव्य म्हणजे हिंग. आपल्या फोडणीतला हा जिन्नस युरोपातल्या मांत्रिकांच्या पोतडीत भुतं पळवण्यासाठी असे.

चेल्लिनी बढाईखोर होता आणि त्याच्या आत्मचरित्रातला शब्द न् शब्द खरा धरता येत नाही. पण विधीचा सांगाडा म्युनिकच्या वहीशी जुळतो: वर्तुळ, धूर, लांबलचक मंत्र आणि पाहणारा मुलगा. मांत्रिकाला स्वतःला सहसा काही दिसत नसे. मुलाच्या नखाला तेल चोपडून, किंवा आरशात, किंवा तलवारीच्या पात्यात त्याला पाहायला लावत आणि दिसेल ते विचारत. महाराष्ट्रातही चोरी उघडकीला आणायला लहान मुलाच्या नखाला अंजन लावून पाहण्याची प्रथा होती. वाचकांपैकी काहींनी आजोळी त्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. रात्री-अपरात्री, धुराने कोंदलेल्या जागेत, चार मोठी माणसं घाबरून बघत असताना ‘काय दिसतंय, सांग’ म्हणून ज्याला दटावलं जातं, त्या पोराला काही ना काही दिसणारच. या पोथ्यांमध्ये त्या मुलांच्या भीतीबद्दल अवाक्षर नाही. चेल्लिनीच्या हकिकतीत ती आहे, हे त्या हकिकतीचं मोल.

ही विद्या येते कुठून, तर स्पेनमधल्या टोलेडोहून, असं मध्ययुगीन युरोप मानत असे. अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरं तिथे झाली. गणित आणि वैद्यकाबरोबर ग्रह-ताऱ्यांच्या जादूचे ग्रंथही आले. ‘पिकाट्रिक्स’ या नावाने प्रसिद्ध झालेला अरबी ग्रंथ 1256 च्या सुमारास कॅस्टिलच्या दहाव्या अल्फोन्सो राजाच्या आश्रयाने असाच स्पॅनिशमध्ये आला आणि पुढे लॅटिनमध्ये गेला. ज्ञान परक्यांकडून आलं की त्याभोवती भीतीही जमते. 999 मध्ये पोप झालेला दुसरा सिल्व्हेस्टर मोठा गणिती होता आणि तरुणपणी स्पेनमध्ये शिकला होता. बाराव्या शतकापर्यंत त्याच्या नावावर प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या धातूच्या मस्तकाची कथा चिकटली होती.

1371 मध्ये लंडनच्या नदीपलीकडच्या साउथवर्कमध्ये जॉन क्रोक नावाचा माणूस पकडला गेला. त्याच्या पिशवीत एका मृत माणसाचं मुंडकं होतं आणि जादूचं एक पुस्तक. राजाच्या न्यायालयात त्याने सांगितलं की मुंडकं एका सारासेनाचं, म्हणजे मुसलमानाचं आहे. टोलेडोत विकत घेतलं. त्यात एक आत्मा कोंडायचा होता, म्हणजे तो विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देईल. यापेक्षा उघड प्रेतविद्या असू शकत नाही. आणि शिक्षा? पुन्हा असं करणार नाही अशी शपथ घेऊन क्रोक सुटला. मुंडकं आणि पुस्तक टॉटहिलला जाळून टाकलं.

क्रोक सुटतो आणि सत्तर वर्षांनी बोलिंगब्रोकचे चार तुकडे होतात, या दोन गोष्टींमध्ये इंग्लंडच्या कायद्यात जादूविरुद्ध एक ओळही वाढलेली नव्हती. बदललं होतं ते एवढंच, की विचारलेल्या प्रश्नात राजाचं नाव होतं.

राजाचं नाव यापूर्वीही आलं होतं. 1323 च्या हिवाळ्यात कॉव्हेंट्री शहरातले सत्तावीस नागरिक जॉन ऑफ नॉटिंगहॅम नावाच्या मांत्रिकाकडे गेले, असं त्याच्या मदतनिसाने, रॉबर्ट मार्शलने, पुढे न्यायालयात सांगितलं. तिथल्या मठाचा मुख्य त्यांना नागवत होता आणि दुसऱ्या एडवर्ड राजाचे लाडके डिस्पेन्सर बापलेक त्याची पाठराखण करत होते. नागरिकांनी सात पौंड मेण आणि थोडं कापड आणून दिलं आणि मांत्रिकाला वीस पौंड, मदतनिसाला पंधरा पौंड द्यायचं ठरलं. शहराबाहेरच्या एका जुन्या घरात सात बाहुल्या झाल्या: राजाची, दोघा डिस्पेन्सरांची, मठाधिपतीची, त्याच्या दोन कारभाऱ्यांची आणि सातवी रिचर्ड डी सोव नावाच्या एका माणसाची. हा रिचर्ड प्रयोगापुरता निवडलेला. त्याच्या बाहुलीच्या कपाळात शिशाची सुई खुपसली, तेव्हा तो किंचाळत वेडा झाला. सुई काढून छातीत खुपसली, तेव्हा तो मेला. आपल्या गावाकडे करणी म्हणतात तीच ही. मार्शलने स्वतःवरचा गुन्हाही कबूल केला होता, तरी ज्युरीने नागरिकांना निर्दोष सोडलं. जॉन त्याआधीच कोठडीत मेला होता.

मग 1419. पाचव्या हेन्रीची सावत्र आई, नव्हारची जोन, हिच्या कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूनेच तिच्यावर आरोप केला की जादूने राजाचा घात करायचा तिचा बेत आहे. जोनला कैदेत टाकलं. काही काळ ती केंट परगण्यातल्या लीड्सच्या किल्ल्यात होती. तिच्यावर खटला कधी चाललाच नाही. चालवायची गरजही नव्हती, कारण विधवा राणी म्हणून तिला मिळणारं घसघशीत उत्पन्न लगेच राजाकडे जमा झालं आणि फ्रान्समधल्या लढाईला पैसा हवा होता. मरणाच्या काही आठवडे आधी, 1422 मध्ये, हेन्रीला पश्चात्ताप झाला आणि त्याने तिला सोडून तिची मिळकत परत करायचा हुकूम दिला.

त्या हेन्रीचा सर्वांत धाकटा भाऊ म्हणजे ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री. हम्फ्रीची पत्नी एलेनॉर कॉबहॅम हीच 1441 च्या प्रकरणाची नायिका, किंवा बळी.

एलेनॉर सरे परगण्यातल्या एका साध्या सरदाराची मुलगी. हम्फ्रीच्या पहिल्या पत्नीची, एनोच्या जॅकलीनची, ती सखी होती. 1428 मध्ये पोपने ते पहिलं लग्न रद्द ठरवलं आणि हम्फ्रीने एलेनॉरशी लग्न केलं. लंडनमध्ये याची बरीच चर्चा झाली. दोघांनी ग्रिनिचला नदीकाठी देखणा वाडा बांधला आणि तिथे कवी, वैद्य, ज्योतिषी, इटलीहून आलेले लेखनिक यांची ये-जा सुरू झाली. हम्फ्रीला पुस्तकांचं वेड होतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाला त्याने दिलेल्या हस्तलिखितांची संख्या अडीचशेच्या वर जाते. बोलिंगब्रोक या वर्तुळात आला तो असा, विद्वान म्हणून.

1422 मध्ये नऊ महिन्यांचा असताना सहावा हेन्री राजा झाला होता. 1435 मध्ये हम्फ्रीचा थोरला भाऊ, बेडफर्डचा ड्यूक, वारला आणि हम्फ्री गादीचा पुढचा वारस ठरला. राजा अविवाहित होता. तो मेला तर हम्फ्री राजा आणि एलेनॉर राणी. चाळिशीला टेकलेल्या, हम्फ्रीपासून मूल नसलेल्या एलेनॉरने त्या वेळी काय विचार केला असेल हे ओळखणं अवघड नाही. तिने बोलिंगब्रोकला विचारलं: माझ्या नशिबात कोणतं पद आहे?

पत्रिका मांडणं गुन्हा नव्हता. दरबारी वैद्य नाडीबरोबर ग्रहही पाहत. पण एलेनॉरचं भविष्य राजाच्या आयुष्याला बांधलेलं होतं. तिच्या पदाचं गणित मांडायचं तर त्याच्या मरणाचं गणित मांडावंच लागणार. बोलिंगब्रोक आणि थॉमस साउथवेल यांनी ते मांडलं. साउथवेल वैद्य होता आणि वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातल्या सेंट स्टीफन चॅपेलचा कॅनन, म्हणजे तिथला एक धर्माधिकारी. 1441 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर राजाला विषण्णतेचा आजार होऊन त्याच्या जिवाला धोका आहे, असं उत्तर निघालं. ही कुजबुज लंडनमध्ये पसरली आणि राजाच्या कानावर गेली.

जूनच्या अखेरीस एलेनॉर मोठ्या थाटात शहरात आली होती. चीपसाइड रस्त्यावरच्या ‘किंग्ज हेड’मध्ये ती जेवायला बसलेली असताना बातमी आली की बोलिंगब्रोक, साउथवेल आणि तिचा खासगी धर्मगुरू जॉन होम यांना पकडलं आहे. साउथवेलवर आरोप होता की लंडनजवळच्या हॉर्नसीच्या उपवनातल्या घरात त्याने या जादूच्या सामानावर प्रभुभोजनाचा विधी केला. चौकशीत बोलिंगब्रोकने सांगितलं की हे सारं एलेनॉरच्या सांगण्यावरून झालं. मचाणावरचा तो देखावा झाल्यावर दोनच दिवसांत एलेनॉर वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या आश्रयाला पळाली. त्या आश्रयात दिवाणी आणि फौजदारी शिपाई शिरू शकत नसत. पण पाखंड आणि जादूचे गुन्हे धर्मपीठाच्या अखत्यारीतले. तिथे हा आश्रय कामाचा नव्हता.

तिच्यासमोर न्यायाधीश म्हणून बसले कँटरबरीचे आर्चबिशप चिचली, यॉर्कचे आर्चबिशप केम्प आणि कार्डिनल हेन्री ब्यूफर्ट. ब्यूफर्ट आणि हम्फ्री यांचं वैर वीस वर्षांचं होतं. आदल्याच वर्षी हम्फ्रीने ब्यूफर्टच्या कारभारावर राजाकडे लेखी तक्रार केली होती. एलेनॉरवर अठ्ठावीस कलमं ठेवली गेली. तिने पाच मान्य केली, बाकीची नाकारली. राजाला मारायचं होतं हे तिने कधीच मान्य केलं नाही. औषधं आणि प्रतिमा होत्या, पण त्या मूल व्हावं म्हणून, असं तिचं म्हणणं. ती औषधं तिला देत होती मार्जरी जोर्डमेन.

मार्जरी या सगळ्यांत वेगळी. लॅटिन नाही, विद्यापीठ नाही. वेस्टमिन्स्टरजवळच्या आय नावाच्या वस्तीत राहणारी एक विवाहित बाई, ‘आयची चेटकीण’ म्हणून ओळखली जाणारी. प्रेमासाठी, मूल होण्यासाठी काढे द्यायची. 1430 मध्ये ती एकदा जादूच्याच आरोपाखाली पकडली गेली होती, तेव्हा तिच्याबरोबर एक फ्रायर, म्हणजे भिक्षू, आणि एक धर्मसेवक होता. विंडसरच्या किल्ल्यात दीड वर्ष काढल्यावर, 1432 मध्ये, नवऱ्याने हमी दिल्यावर ती सुटली. आता दुसऱ्यांदा सापडल्यावर क्षमा नव्हती. तिने राजाची पत्रिका मांडली नव्हती. ती तिला मांडता येणं शक्यच नव्हतं. तरी 27 ऑक्टोबरला तिला स्मिथफिल्डच्या मैदानात जिवंत जाळलं. या प्रकरणात सर्वांत कमी जाणणाऱ्या बाईला सर्वांत भयंकर मरण मिळालं आणि त्या काळच्या इतिवृत्तांत तिच्यासाठी कुणी हळहळल्याचं दिसत नाही.

साउथवेल त्याच सुमारास टॉवरच्या तुरुंगात मेला. मी फाशीने मरणार नाही, माझ्या अंथरुणात मरेन, असं तो आधीच म्हणाला होता, असं इतिवृत्तकार सांगतो. होमला माफी मिळाली. बोलिंगब्रोकसाठी 1352 चा राजद्रोहाचा कायदा काढला गेला. राजाच्या मृत्यूची मनाशी कल्पना करणं हाच त्या कायद्याने द्रोह होता, आणि ज्याने त्या मृत्यूची तिथी काढायला आकडे मांडले त्याने ती कल्पना केलीच होती, असा सरळ हिशेब. 18 नोव्हेंबरला टायबर्नला त्याला फासावर चढवून, मग खाली उतरवून त्याचे तुकडे केले. मुंडकं लंडनच्या पुलावर लावलं. बाकीचे भाग ऑक्सफर्ड, केंब्रिज, यॉर्क आणि हेरफर्डला पाठवले. विद्यापीठांच्या दोन्ही गावांची निवड सहज झालेली वाटत नाही. मरताना त्याने सांगितलं की राजद्रोह आपण केला नाही. आपल्या विद्येच्या जोरावर मर्यादेपलीकडे गेलो, एवढाच आपला दोष. त्याच्या गणितापेक्षा हे वाक्य जास्त खरं होतं.

दरम्यान राजाच्या सल्लागारांनी काय केलं? त्यांनी दुसरी पत्रिका मांडून घेतली. इतर विद्वानांना बोलावून राजाच्या ग्रहांचं नवं गणित करवलं आणि ते अर्थातच दिलासा देणारं निघालं. ग्रहांवर अविश्वास कुणाचाच नव्हता. न्यायाधीश, आरोपी, राजा, सगळे एकाच आकाशाखाली, एकाच पोथ्या वाचत होते. वाद फक्त गणित कुणी करायचं याचा होता.

एलेनॉरचं लग्न धर्मपीठाने मोडलं आणि तिला प्रायश्चित्त दिलं. नोव्हेंबरच्या थंडीत, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या बाजाराच्या तीन दिवशी, नावेतून उतरून हातात पेटती मेणबत्ती घेऊन तिने लंडनच्या रस्त्यांतून चालायचं आणि ती मेणबत्ती चर्चमध्ये अर्पण करायची. पहिल्या दिवशी सेंट पॉल, दुसऱ्या दिवशी अल्डगेटचं क्राइस्ट चर्च, तिसऱ्या दिवशी कॉर्नहिलचं सेंट मायकेल. मेयर आणि व्यापारी संघांचे लोक दर वेळी तिच्याबरोबर होते. त्यानंतर जन्मठेप. चेस्टर, केनिलवर्थ, आइल ऑफ मॅन आणि अखेर वेल्समधल्या ब्यूमॅरिसचा किल्ला, असा तिचा प्रवास झाला. 1452 च्या जुलैत ती तिथे वारली.

हम्फ्रीने बायकोसाठी उघडपणे काही केल्याची नोंद नाही. करता आलंही नसतं. तिच्या बाजूने बोलणं म्हणजे आपल्याला राजाचं मरण हवं होतं असं कबूल करण्यासारखं. तरी त्याचं राजकारण संपलंच. 1447 च्या फेब्रुवारीत पार्लमेंटसाठी बरी सेंट एडमंड्सला पोहोचताच त्याला अटक झाली आणि काही दिवसांतच तो मेला. या खटल्याची एक निशाणी कायद्यात राहिली: उमरावांच्या बायकांचा न्याय कुणी करायचा हे तोवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते 1442 मध्ये पार्लमेंटने ठरवलं. त्यांचाही न्याय उमरावांनीच करायचा. शेक्सपिअरने दीडशे वर्षांनी ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात एलेनॉरला रंगमंचावर आणलं आणि बोलिंगब्रोककडून एक पिशाच्च जमिनीतून वर काढलं. तिथे एलेनॉर सहाव्या हेन्रीच्या राणीशी, मार्गारेटशी, भांडते. खरी मार्गारेट 1441 मध्ये अकरा वर्षांची होती आणि इंग्लंडला आली ती 1445 मध्ये.

आणि राजाचा तो विषण्णतेचा आजार? 1453 च्या ऑगस्टमध्ये सहाव्या हेन्रीची शुद्ध हरपली. कुणाला ओळखेना, बोलेना. मुलगा झाल्याचंही त्याला कळलं नाही. जवळजवळ दीड वर्ष तो तसाच होता. बोलिंगब्रोकचं गणित बारा वर्षांनी चुकलं होतं, आणि ते बरोबर आलं असतं तरी त्याचा उपयोग तोवर कुणालाच उरला नव्हता.

जादूटोण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा इंग्लंडमध्ये आला तो 1542 मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात. पहिल्या जेम्सच्या 1604 च्या कायद्यात तर कबरीतून प्रेत, त्याची कातडी किंवा हाड जादूसाठी काढणाऱ्याला थेट देहान्त होता. मग 1735 च्या कायद्याने सगळं उलटं केलं. जादू असते हे गृहीतकच त्याने सोडून दिलं. गुन्हा उरला तो आपल्याला आत्मे बोलावता येतात असं भासवण्याचा, आणि शिक्षा एक वर्षाच्या कैदेची.

हा 1735 चा कायदा दोनशे वर्षांनंतरही कायद्याच्या पुस्तकात होता. नोव्हेंबर 1941 मध्ये जर्मन पाणबुडीने ‘बारहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली आणि नौदलाने ती बातमी काही काळ दाबून ठेवली. त्याच दिवसांत पोर्ट्समथला हेलन डंकन नावाची एक स्कॉटिश बाई आपल्या बैठकांत मेलेल्यांना बोलावत असे. ‘बारहॅम’वरचा एक खलाशी तिच्या बैठकीत अवतरला, अशी बोलवा झाली. 1944 च्या जानेवारीत, नॉर्मंडीच्या स्वारीची तयारी चालू असताना, तिला अटक झाली. लंडनच्या ओल्ड बेलीत तिच्यावर खटला चालला तो त्या 1735 च्या कायद्याखाली आणि तिला नऊ महिन्यांची कैद झाली. पंतप्रधान चर्चिल यांनी गृहमंत्र्यांना लेखी विचारणा केली: हा जुनाट कायदा का वापरला, आणि पोर्ट्समथहून लंडनला साक्षीदार आणून दोन आठवडे ठेवण्याचा सरकारला खर्च किती आला? सात वर्षांनी, 1951 मध्ये, तो कायदा रद्द झाला.